वरचं खरकटं

मला हे काम शिकवलं ते मामा पाइपाला कान लावून ऐकायचे. बिडाच्या उभ्या पाइपावर पहारीचं एक टोक टेकवायचं, दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावायचं आणि वरच्या मजल्यावर कुणाला तरी बादलीभर पाणी ओतायला सांगायचं. लाइन मोकळी असेल तर सुपातून धान्य ओतावं तसा एकसंध आवाज खाली उतरत जातो. अडलेली असेल तर पाणी मध्येच गप्प होतं आणि मग खोल घशातून ‘गुडूक’ करतं. तो आवाज कुठून आला ते मामा ओळखायचे. "तिसऱ्याच्या खालच्या वाकात आहे बघ," म्हणायचे. पाइप खोलला की चोकअप तिथंच असायचा.

1997 साली आयटीआयमधून प्लंबरचा कोर्स करून मी लोअर परळच्या एका सात मजली व्यापारी इमारतीत हेल्पर म्हणून लागलो. तळमजल्यावर दोन हॉटेलं, वर बँक, दवाखाने, ऑफिसं. वडील याच भागात गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर ते पुन्हा खात्यात गेले नाहीत. मुलाच्या हाताला कामगार म्हणून नव्हे, कारागीर म्हणून काम मिळालं याचं त्यांना बरं वाटलं होतं. पहिल्या दिवशी मामांनी माझ्या हातात पाना दिला नाही. बांबूची लांब कामटी दिली आणि तळघरातल्या चेंबरपाशी उभं केलं. "वर नळ बसवायला कुणीही शिकतो. पाणी आणणं सोपं असतं रे. घालवणं कठीण," ते म्हणाले.

घालवण्याची विद्या ढाळापासून सुरू होते. मामांचा हिशेब तोंडी होता: पाइप जितक्या इंचांचा, त्याला दहानं गुणायचं, तितक्या फुटांत एक फूट उतार. चार इंचीला चाळीस फुटांत एक, सहा इंचीला साठात एक, नऊ इंचीला नव्वदात एक. पुढे हाच नियम मला अभियांत्रिकीच्या पुस्तकात सापडला तेव्हा मामांना दाखवायला मी ते पुस्तक तळघरात घेऊन गेलो होतो. उतार कमी पडला तर घाण बसते हे कुणालाही कळतं. पण उतार फार तीव्र झाला तरी घाण बसते, हे मला त्यांनीच दाखवलं. पाणी पुढे पळून जातं आणि जड ते मागे राहतं. पाण्यानं घाणीला सोबत घेऊन चालायला हवं, इतकाच त्याचा वेग असावा.

त्याच पुस्तकात आणखी एक शब्द भेटला. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, जाळीच्या खाली जो वाकडा सापळा बसवतात त्याला देशभरातले प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणी! इंजिनिअरिंगच्या पुस्तकात, सरकारी निविदेत, दुकानातल्या बिलावर हाच शब्द. त्या वाकात नेहमी थोडं पाणी साचून राहतं, सुमारे दोन इंच. गटारातला वायू आणि माणसांची खोली यांच्यामध्ये उभी असलेली भिंत म्हणजे ते दोन इंच पाणी. एवढ्या मोठ्या इमारतीत, एवढ्या सिमेंट-लोखंडात, रोज श्वास सांभाळणारी गोष्ट पाण्याची असते, हे कळलं तेव्हापासून मला या कामाबद्दल आदर वाटू लागला.

ते पाणी किती सांभाळावं लागतं याचा धडा पाचव्या मजल्यावर मिळाला. तिथल्या ऑफिसात दोन दिवस बेसिनं गुरगुरत होती आणि मीटिंगच्या खोलीत गटाराचा वास येत होता. आम्ही बेसिनांचे वाक खोलले, जाळ्या काढल्या, डक्टमध्ये उतरून सांधे तपासले. कुठेच काही नाही. तिसऱ्या दिवशी मामा गच्चीवर गेले. पावसाळ्याआधी गळतीचं काम झालं होतं आणि कुणीतरी नीटनेटकं दिसावं म्हणून हवेच्या पाइपाचं तोंड सिमेंटनं बंद केलं होतं. उभ्या पाइपातून पाणी कोसळतं तेव्हा त्याला मागून हवा लागते. ती वरून मिळाली नाही तर पाणी ती जवळच्या ट्रॅपमधून ओढून घेतं, आणि जाताना तिथलं दोन इंच पाणीही शोषून नेतं. मामांनी छिन्नीनं ते तोंड फोडलं आणि खालची गुरगुर थांबली. "दुखतं एकीकडे, दोष दुसरीकडे. आणि दोष बहुतेक वेळा वरच असतो," जिना उतरताना ते म्हणाले. तेव्हा मी ते फक्त पाइपांबद्दल ऐकलं.

व्यापारी इमारतीचा खरा शत्रू म्हणजे चरबी. घरच्या मोरीतून दिवसाला चार चमचे तेल जात असेल. हॉटेलच्या मोरीतून दुपारच्या दोन तासांत भांडी, तवे, कढया, ताटं यांच्यावरचं सगळं तूप, तेल, लोणी, ग्रेव्हीचा तवंग वाहून जातो. गरम असताना तो पाण्यासारखाच पळतो. तळघरातल्या थंड आडव्या पाइपात पोचला की मंदावतो, पाइपाच्या छताला आणि कडांना चिकटतो. दिवसांमागून दिवस त्यावर थर चढतात. त्या चरबीतली आम्लं पाण्यातल्या, सिमेंटच्या कॅल्शियमशी जोडली जाऊन साबणासारख्या पांढरट, टणक ढेपा बनतात. त्यात भाताची शितं, चहाचा चोथा आणि कागदी रुमाल अडकतात. सहा इंची पाइपात शेवटी दोन बोटं जाईल एवढीच वाट उरलेली मी पाहिली आहे. कामटीचं टोक त्यात रुतलं की ओल्या लाकडात खिळा शिरावा तसं वाटतं.

या ढेपा फक्त आपल्याकडेच असतात असं नाही. 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात अडीचशे मीटर लांबीचा, 130 टनांचा चरबीचा गोळा सापडला होता आणि तिथल्या कामगारांनी तो काही आठवडे फोडून काढला. बातमी वाचली तेव्हा मला त्या कामगारांचे खांदे आठवले. पाहिले नसूनही आठवले. गोळा कुठलाही असो, तो फोडायला खांदे लागतात.

हॉटेलवाल्यांची एक समजूत मला वर्षानुवर्षं खोडावी लागली. "आम्ही रोज रात्री उकळतं पाणी ओततो, डिटर्जंट टाकतो," ते म्हणायचे. उकळत्या पाण्यानं चरबी नाहीशी होत नाही, फक्त पुढे सरकते. आपल्या मोरीतून निघते आणि वीस-तीस फुटांवर, दुसऱ्याच्या किंवा सगळ्यांच्या पाइपात पुन्हा गोठते. म्हणून ग्रीस ट्रॅप. त्यात पाणी थोडा वेळ थांबतं, थंड होतं, तेल वर तरंगतं, गाळ खाली बसतो आणि मधलं पाणी पुढे जातं. तेल आणि गाळ मिळून टाकीचा चौथा हिस्सा व्यापायच्या आत तो उपसायला हवा. उपसला नाही तर ट्रॅप म्हणजे फक्त एक खोल खड्डा, आणि पाणी त्यावरून सरळ निघून जातं. कागदावर आमच्या दोन्ही हॉटेलांचे ट्रॅप होते. झाकणं उघडली तेव्हा एकात वाळू भरली होती आणि दुसऱ्यावर गॅसची शेगडी ठेवली होती.

आता ते सांगतो, जे सांगायला मला वीस वर्षांहून जास्त लागली.

2003 चा मे महिना. तळघरातल्या खड्ड्याचा पंप दोन आठवडे बंद होता. सगळ्या मजल्यांचं सांडपाणी ज्या नऊ फूट खोल खड्ड्यात जमायचं, तिथं चरबी आणि गाळ साचून जाड साय धरली होती. पावसाच्या आधी तो रिकामा व्हायलाच हवा होता. ज्या कंत्राटदाराकडे आम्ही काम करायचो त्यानं सांगितलं, आदल्या रात्री ॲसिड ओतून ठेवा, गाळ सुटा होईल, सकाळी माणूस उतरवू. ॲसिड मी ओतलं. तीन कॅन. एखाद्या कामात आपला हात लागला म्हणून समाधान वाटतं, तसं वाटलं होतं मला.

सकाळी आला तो माझ्याच वयाचा, मराठवाड्यातून दोन वर्षांपूर्वी मुंबईला आलेला. आम्ही त्याला ‘ड्रेनेजवाला’ म्हणायचो. मी ‘प्लंबर’. माझ्या हातात पाना, त्याच्या हातात बादली. माझ्या डब्याला तो हात लावायचा नाही, आणि कुणी लावू नको म्हटलेलंही नव्हतं. कुणी म्हणायची गरज नव्हती इतकं ते जुनं होतं. खड्ड्यात कुणी उतरायचं हे त्या तळघरात ठरत नव्हतं. माणूस जन्मायच्या आधीच, त्याच्या गावच्या वस्तीत ठरत होतं.

मामांनी त्याच्या छातीभोवती दोर बांधला. "कशाला मामा, दोन मिनिटांचं काम," तो म्हणाला. मामांनी ऐकलं नाही. तो लोखंडी पायऱ्यांवरून उतरला, पहिल्यांदा "लई वास हाय" म्हणाला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, "आता न्हाई येत." मला वाटलं, झाकण उघडून बराच वेळ झाला, वास निघून गेला असेल. मग त्याचा हात पायरीवरून सुटला. आवाजही आला नाही. त्याच्या सोबत आलेला मुलगा तसाच आत उडी मारायला निघाला, मामांनी त्याची कॉलर धरून मागे फेकला आणि ओरडले, "दोर ओढ!" आम्ही तिघांनी ओढला. त्याचे ओठ निळे पडले होते. रॅम्पवर उघड्या हवेत ठेवल्यावर काही क्षणांनी त्याच्या छातीनं हिसका घेतला.

काय घडलं ते मला नंतर कळलं. साचलेल्या सांडपाण्यात हवा नसते. तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच. हवेहून जड असल्यामुळे तो तळाशी साचून राहतो. गाळ ढवळला की भसकन सुटतो, आणि अशा गाळावर ॲसिड पडलं तर अधिकच. हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं. म्हणजे माणसाला वास येईनासा होतो तो वायू गेला म्हणून नव्हे, वाढला म्हणून. "आता न्हाई येत" हे त्याचं वाक्य म्हणजे धोक्याची घंटा होती, आणि वर उभं राहून मी ते शुभवर्तमान समजलो होतो. त्या मुलानं उडी मारली असती तर तोही गेला असता. एका खड्ड्यात एकामागून एक दोन-तीन माणसं मेल्याच्या बातम्या येतात त्या अशा: पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो.

तो वाचला. चार दिवस दवाखान्यात होता. बिलासाठी आम्ही कंत्राटदाराकडे गेलो तेव्हा त्यानं हजेरीपट पुढे केला. त्यात त्याचं नाव नव्हतं. त्या दिवशीच नव्हे, त्या महिन्यात नव्हे, कधीच नव्हतं. मामा आणि मी, वर हॉटेलातली पोरं, पाचव्या मजल्यावरच्या दोघीजणी, अशी वर्गणी काढून बिल भरलं. तो गावी गेला आणि पुन्हा या धंद्यात आला नाही. त्याला मी ॲसिडबद्दल सांगितलं नाही. मामांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला माहीत नव्हतं. आता आहे. आता चुकलास तर तो गुन्हा."

पुढे कायदाही आला. त्याच वर्षी 6 डिसेंबरला लागू झालेल्या 2013 च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा मलटाकीत माणूस उतरवायला कुणालाही बंदी केली. महापालिकेला, संस्थेला, कंत्राटदाराला, आणि थेट किंवा आडमार्गानं काम देणाऱ्या प्रत्येकाला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 1993 पासून गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यायला सांगितलं, आणि 2023 च्या ऑक्टोबरात ही रक्कम तीस लाख केली. मी हे सगळं छापून आमच्या तळघराच्या दारावर लावलं आहे. पण दहा असोत की तीस, नाव हजेरीपटावर नसेल तर ते मागायला जाणाऱ्या बाईनं पुरावा कुठून आणायचा, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. म्हणून आमच्याकडे आता काम सुरू होण्याआधी पहिली गोष्ट होते ती नाव लिहिण्याची. दोन तासांसाठी आला असला तरी.

2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे सगळ्यांना पाठ आहे. मला त्या दिवसातली एकच गोष्ट आठवते. मुंबईत पावसाचं पाणी आणि सांडपाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या. पण रस्ताच पाण्याखाली गेला की जमिनीखालचा हा भेद उरत नाही. आमच्या तळघरात पाणी दारातून आलं त्याआधी मोऱ्यांतून वर आलं. जे आम्ही वर्षानुवर्षं बाहेर घालवलं होतं ते परत घरी आलं. पंप होते, पण पंपांचा वीजपुरवठा देणारी पेटी त्याच तळघरात होती. त्यानंतर पेटी पहिल्या मजल्यावर नेली आणि बाहेर पडणाऱ्या लाइनवर पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसवला. आणि कितीही तुंबलं तरी रस्त्यावरच्या मेनहोलचं झाकण उचलायचं नाही हा आमच्या वॉचमनना दिलेला हुकूम आहे. 2017 च्या ऑगस्टमधल्या पावसात या शहरानं एक नामवंत डॉक्टर अशाच उघड्या झाकणात गमावला.

पाण्यानं शिकवलं तसं पाण्याच्या अभावानंही शिकवलं. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि इमारत ओस पडली. जूनमध्ये मी पहिल्यांदा सगळे मजले उघडले तेव्हा चौथ्या मजल्याच्या दारातच थबकलो. एकही माणूस नाही, एकही नळ चालू नाही आणि गटाराचा वास. न्हाणी ट्रॅपमधलं ते दोन इंच पाणी अडीच महिन्यांत वाळून गेलं होतं. भिंत पडली होती. मला हाँगकाँगचं वाचलेलं आठवलं. 2003 च्या सार्सच्या साथीत तिथल्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक लोक आजारी पडले, आणि तपासात न्हाणीघरांमधल्या वाळलेल्या ट्रॅपांकडेही बोट दाखवलं गेलं. दोन दिवस मी आणि एक हेल्पर बादल्या घेऊन मजल्यामागून मजले फिरलो. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडं तेल, पाणी लवकर वाळू नये म्हणून. ज्या तेलाशी जन्मभर भांडलो तेच त्या दिवशी मोजून मापून घालत होतो.

आज माझ्याकडे यंत्रं आहेत. पाण्याचा जोरदार फवारा मारणारं जेटिंग मशीन, पाइपात सोडायचा कॅमेरा, गाळ ओढणारी सक्शन गाडी बोलावता येते. हवेतला प्राणवायू आणि विषारी वायू मोजणारं हाताएवढं उपकरण आहे. चांगल्या हवेत प्राणवायू 20.9 टक्के असतो. साडेएकोणीसच्या खाली गेला की झाकणाजवळही कुणी थांबायचं नाही. ॲसिड आमच्या इमारतीच्या आवारात येत नाही. पण मशीनपेक्षा जास्त काम एका सवयीनं केलं आहे.

तळमजल्यावरच्या हॉटेलात नवा मुलगा भांडी घासायला लागला की पहिल्या आठवड्यात मी त्याला तळघरात नेतो. चेंबरचं झाकण उघडतो आणि टॉर्च देतो. मागच्या वर्षी आलेला मुलगा बराच वेळ वाकून पाहत राहिला. वरून कुणीतरी कढई धुतली असावी; पाण्याबरोबर पिवळा तवंग आला, भिंतीला लागला आणि तिथंच थांबला. "हे आमचंच?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. "मग हे काढतं कोण?" इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारा तो पहिलाच. मॅनेजरांनी विचारला नव्हता, मालकांनी विचारला नव्हता. मी त्याला 2003 च्या मे महिन्याची गोष्ट सांगितली, ॲसिडसकट.

आता तो ताट पाण्याखाली धरण्याआधी खरकटं डब्यात झाडतो, तवा-कढई कागदानं कोरडी पुसतो, तळणाचं उरलेलं तेल पिंपात साठवतो. त्याचं बघून दुसरा करू लागला. त्या दोघांनी सिंकपाशी घालवलेले वीस सेकंद तळघरात एका माणसाचा जीव राखतात, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. वर जे झाडलं जात नाही ते खाली कुणालातरी हातानं काढावं लागतं. खाली असलेला माणूस कोण, हे आपण ठरवलेलं असतं. म्हणून वर काय सोडायचं याची जबाबदारीही आपलीच.

मामा निवृत्त होऊन गावी गेले. त्यांची पहार माझ्याकडे आहे आणि महिन्यातून एकदा मी ती पाइपाला लावून ऐकतो, कॅमेरा असला तरी. ऐकून झालं की देखभालीची वही भरतो. तारीख, लाइन, ट्रॅपमधल्या चरबीची जाडी, काम करणाऱ्यांची पूर्ण नावं. शेवटचा रकाना मी 2003 च्या जूनमध्ये स्वतः पट्टीनं आखला होता: ‘खाली उतरलेली माणसं’. तेव्हापासून किती वह्या भरल्या, पण त्या रकान्यात प्रत्येक ओळीला शून्य आहे. दर महिन्याला ते शून्य मी सावकाश, गोल, नीट काढतो.